बोंडअयी म्हण, पण आकडा पक्का ठेव

पत्र असं आहे:

"काका, मी घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत फिल्डवर काम करते. वय २६. यंदा आम्ही ६० शेतकऱ्यांना कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे वासानं पतंग ओढून पकडणारे सापळे, दिले. दिवाळीनंतर यवतमाळला आढावा बैठक आहे. कृषी खात्याचे साहेब, बँकेचे लोक, आमचे संचालक आणि पंधरा-वीस शेतकरी असतील. मॅनेजर सर म्हणाले, या वेळी तूच बोल, दहा मिनिटं. पीपीटी त्यांनी करून ठेवली आहे, ४२ स्लाईड, सगळ्या इंग्रजीत. मी आजवर माईक धरलेला नाही. मी 'बोंडअयी' म्हटलं की ऑफिसातला बाहेरून आलेला सहकारी हसतो. म्हणून शुद्ध मराठीत लिहून पाठ करायला घेतलं, तर दुसऱ्या पानावर सगळं विसरते. त्यात ६० पैकी २२ जणांनी सापळे मध्येच काढून टाकले. सर म्हणतात, ते सांगायची गरज नाही. रात्री झोप लागत नाही. काय करू? नाव छापू नका."

बेटा,

तुझं मूळ पत्र दोन पानांचं आहे, इथं थोडक्यात दिलं. त्यात माईक, भाषा आणि पाठांतर यांवर तू दीड पान लिहिलंस आणि २२ सापळ्यांवर दोन ओळी. मला वाटतं, झोप त्या दोन ओळींनीच उडवली आहे. त्याच्याकडं येतोच. आधी माझी एक फजिती ऐक.

मी सरकारी नोकरीत नवीन होतो, तुझ्याच वयाचा. एका गावी शेतकरी मेळावा होता आणि मला कापूस लागवडीवर बोलायचं होतं. अकरा पानं लिहिली, आठ दिवस घोकली, आंघोळ करतानासुद्धा म्हणत होतो. स्टेजवर गेलो. 'आदरणीय व्यासपीठ'पासून तिसऱ्या पानापर्यंत गाडी बरी चालली. तेवढ्यात मागून एक म्हातारा उठला, हातात पराटीची, म्हणजे कपाशीची, फांदी. "साहेब, थे सारं बराबर हाये, पन माह्या पराटीचे पानं लाल काऊन होऊन राह्यले थे सांगा ना."

झालं. तिसरं पान गेलं आणि चौथं येईना. घाबरून मी काय केलं असेल? परत 'आदरणीय व्यासपीठ' म्हणालो. अख्खा मंडप हसला. पुढे बसलेली पोरं तर लोळायचीच बाकी होती.

वाचवलं ते त्या म्हाताऱ्यानंच. तो फांदी घेऊन सरळ स्टेजपाशी आला. मी खाली उतरलो, पान उलटं करून पाहिलं तर खाली तुडतुडे. "वावरात पानी साचते का?" विचारलं, तर म्हणे साचते. मग लाल्यावर, म्हणजे कपाशीची पानं लाल पडण्यावर, बोलायला लागलो. मॅग्नेशियम कमी पडलं की पान कसं दिसतं, नत्र कमी पडलं की काय होतं, पाणी साचलं की मुळं अन्न का उचलत नाहीत. वीसेक मिनिटं गेली असतील. घोकलेल्या अकरा पानांतलं एक वाक्य त्यात नव्हतं, आणि कुणी हसलंही नाही. रात्री घरी जाताना एसटीत बसून विचार केला तेव्हा कळलं: मला बोलता येत होतं, घोकलेलं म्हणता येत नव्हतं.

तेव्हा ते शुद्ध मराठीतले कागद आजच चुलीत घाल.

तुला हिशेब द्यायचा आहे, बाकी काही नाही. लग्न उरकलं की आपल्याकडं दोन-तीन दिवसांनी घरची मंडळी ओसरीवर बसतात. किराणा किती लागला, मंडपवाल्याचे किती, आहेर किती आला. हिशेब सांगणाऱ्याचं वक्तृत्व कसं आहे हे तिथं कुणी पाहत नाही. किती आणलं, किती लागलं, किती उरलं, आणि कमी पडलं असेल तर का, एवढंच लोक विचारतात. तुझी दहा मिनिटं अशीच धर.

आता ते २२.

सरांचं मी समजू शकतो. त्यांना वाटतं, साहेबांसमोर कंपनीचं चांगलं दिसावं. पण त्या हॉलमध्ये पंधरा-वीस कास्तकार बसणार आहेत, त्यातला एखादा त्या २२ पैकी असेलच. तू सगळे सापळे चालू आहेत असं दाखवलंस आणि तो उठून म्हणाला, "बाई, माह्या वावरातला सापळा तं म्या पोळ्यालेच काढला," तर राहिलेले ३८ सुद्धा त्या क्षणी खोटे होतात. माणूस मग तुझ्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

म्हणून २२ तू स्वतः सांग, आणि पहिल्याच मिनिटात सांग. मात्र कारणासकट सांग. कारण माहीत नसेल तर या आठवड्यात त्या २२ पैकी निदान आठ-दहा वावरांत जाऊन ये. सापळा कुठं होता ती जागा पाहा, काठी अजून उभी असेल तर टेपनं मोज. माझा अंदाज आहे, तुला असं काही दिसेल. सापळा लावला तेव्हा पराटी गुडघ्याला होती. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर हवा, तसा तो तेव्हा होताही. नंतर पराटी कमरेच्या वर गेली, सापळा पानांत बुडाला आणि पतंग येईनासे झाले. कास्तकार म्हणाला, पतंगच नाही तं सापळा कायले? काढला आणि माचीखाली टाकला. दुसरं कारण ल्यूरचं, म्हणजे सापळ्यातल्या वासाच्या गोळीचं, असेल. त्याचा वास ठरावीक दिवसांनी उडतो, नवा टाकावा लागतो, आणि तो वेळेवर पोहोचला नसेल तर सापळा म्हणजे नुसती प्लास्टिकची थैली.

यातलं जे तुझ्या डोळ्यांनी पाहशील तेच बोल, माझा अंदाज सांगू नकोस. "मी नऊ वावरं पाहिली, सहा ठिकाणी सापळा पिकात बुडालेला होता," असं एक वाक्य तुला सांगता आलं, तर कृषी खात्याचे साहेब मोबाईल खाली ठेवून वही काढतील. पुढच्या हंगामात सापळ्यासोबत लांब काठी द्यायची का, हे त्यांनाही ठरवायचं असतंच की.

सरांना मात्र बैठकीच्या आधी सांग. भर सभेत नवा आकडा ऐकून कुठल्याही साहेबाचं तोंड आंबट होतं, तुझ्या सरांचंही होईल. त्यांच्यासमोर बस आणि म्हण, "सर, शेतकरी तिथं असणार आहेत, त्यांनी सांगण्यापेक्षा आपण सांगू, आणि त्यावर काय करणार तेही आपणच सांगू." बहुतेक माणसं यावर हो म्हणतात. नाहीच म्हणाले, तर निदान खोटा आकडा तोंडातून काढू नको. कुणी विचारलं तर खरं सांगीन, हेही त्यांना तेव्हाच सांगून टाक.

सुरुवात कशी करायची? आदरणीय, सन्माननीय, विचारपीठावर विराजमान, यात आपल्याकडं निम्मा वेळ जातो. तू "सगळ्यांना नमस्कार" म्हण आणि थेट २०१७ वर ये. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात काय झालं हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला आठवतं. एकीकडे गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली, दुसरीकडे फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. हे दोन्ही आठवणाऱ्या माणसाला सापळा का लावायचा हे वेगळं समजवावं लागत नाही. सापळ्यात पतंग मोजायचे आणि गरज असेल तेव्हाच पंप पाठीवर घ्यायचा. मग लगेच: "यंदा आम्ही ६० वावरांत सापळे लावले. ३८ शेवटपर्यंत राहिले, २२ निघाले. दोन्हींचं सांगते." एवढी तीन-चार वाक्यं पाठ कर. बाकी काही पाठ करू नको.

डोक्यात ठेवायचे आकडे थोडेच आहेत. पाहणीसाठी हेक्टरी ५ सापळे. सलग ३ रात्री एका सापळ्यात रोज ८ किंवा जास्त पतंग आले, किंवा १० टक्के फुलं वा हिरवी बोंडं किडकी निघाली, तर उपाय करायची वेळ आली. हे तुला पाठ असेलच, वर्षभर तेच करत आलीस. पण "१० टक्के" हा शब्द माईकवरून ऐकून हॉलमधल्या बँकवाल्याला काही दिसत नाही. त्याला ते दाखवायचं.

त्या दिवशी सकाळी निघायच्या आधी कुठल्याही एका वावरात जा. आडवंतिडवं चालत २० झाडांवरची एकेक हिरवी बोंडं तोड. निवडून नको, हाताला येईल ती. घरी येऊन एकेक फोड. तुला ठाऊकच आहे, बाहेरून बोंड धडधाकट असतं. अळी आत गेली तेव्हा बोंड बारीक होतं, भोक नंतर बुजून गेलं. अंगठ्यानं दाबून बोंड उघडलं की आत डागाळलेला, पिवळट कापूस, कोरलेली सरकी आणि त्यात ती गुलाबी पट्ट्यांची अळी, डिवचलं तर हळूच अंग आखडून घेणारी. समजा ३ किडकी निघाली. मग एका डब्यात १७ आणि दुसऱ्यात ३. हॉलमध्ये दोन्ही डबे टेबलावर ठेव आणि म्हण, "आज सकाळी २० बोंडं फोडली, ३ किडकी निघाली, म्हणजे १५ टक्के. १० ची रेघ ओलांडली." दुसरा डबा पुढच्या रांगेतून फिरव. साहेब लोक नाकाला रुमाल लावतील, पण पाहतील सगळे. आणि एकही किडकं निघालं नाही, तर आणखी चांगलं! तेच सांग, की या वावरात फवारणी वाचली.

आता भाषेचं. तुझा सहकारी हसतो ते हसू दे. ज्याला डोमकळी (आत अळी असलेलं, न उमललेलं फूल) आणि साधं फूल यातला फरक बांधावर उभं राहून कळत नाही, त्यानं ळ वर हसावं हे जरा जास्तच झालं. (हे त्याला सांगू नको. मी म्हाताऱ्या माणसाचा राग काढून घेतोय.) आपले गाडगेबाबा शेंडगावचे, अमरावती जिल्ह्यातले, १८७६ चा जन्म. शाळेत गेले नाहीत. त्यांनी मुंबईत आणि पंढरपुरात कीर्तनं केली ती याच वऱ्हाडीत, आणि कीर्तन तरी कसं, अर्धं प्रश्नांचं. लोकांना विचारायचे, लोकांकडूनच उत्तर काढून घ्यायचे, मग त्याच उत्तराला धरून पुढं जायचे. माणसांनी डोक्यावर घेतलं त्यांना, त्या भाषेसकट.

प्रश्न विचारायची ती युक्ती तू उचल. मध्येच कुठं अडकलीस, घसा कोरडा पडला, तर विचार: "यंदा कोणाच्या वावरात डोमकळी दिसली, हात वर करा." निम्मे हात वर होतील. तेवढ्यात पाण्याचा घोट घे, पुढचा मुद्दा आठव. कुणाला कळणारही नाही की तू अडकली होतीस.

बोंडअयी म्हणायचं तर बिनधास्त म्हण. फक्त दोन ठिकाणी सावध राहा. आकडा आणि एकक अगदी नीट बोल: एकर की हेक्टर, झाड की बोंड, रात्र की आठवडा. तिथं घोटाळा झाला तर भाषा कितीही शुद्ध असली तरी उपयोग नाही. दुसरं, औषधाचं नाव आणि मात्रा कुणी विचारली तर आठवणीतून सांगू नको. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशींची प्रिंट पिशवीत ठेव, त्यात पाहून सांग. यवतमाळच्या सभागृहात अंदाजानं औषध सांगणं आता कुणालाच परवडणारं नाही.

४२ स्लाईडचं काय करायचं? दहा मिनिटांत ४२ म्हणजे चौदा सेकंदाला एक. सिनेमाच झाला तो. पाच-सहा ठेव. एक गावांचा नकाशा, एक आठवडावार पतंगांचा आलेख, एक डोमकळीचा तू स्वतः काढलेला फोटो, एक पिकात बुडालेल्या सापळ्याचा, एक मागणीची. मजकूर मराठीत, शेवटच्या रांगेतल्या चष्मेवाल्याला दिसेल एवढा मोठा. आणि ही गोष्ट विसरू नको: ऑफिसात श्रीलिपीत किंवा कृतिदेवात टाईप करायची सवय असेल तर ती फाईल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की अक्षरांऐवजी कोंबडीनं माती उकरल्यासारखं काहीतरी दिसतं. युनिकोडमध्ये टाईप कर आणि पीडीएफ करून ने. पेन ड्राइव्हवर एक, स्वतःच्या व्हॉट्सॲपवर एक. लाईट गेली तर? जाईलच असं नाही, पण आपल्याकडं जाते. आलेखाच्या पंचवीस-तीस झेरॉक्स काढून ठेव. लाईट गेली तर त्या वाटायच्या आणि डबे आहेतच.

तयारी आरशासमोर करू नको. आरसा काही विचारत नाही. सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, झालं असेल, वेचणी सुरू असेल. आईसोबत किंवा शेजारणीसोबत ओळ धर आणि वेचता वेचता सांग, "आम्ही असे सापळे लावले, असं झालं." ती मध्येच "मंग?" म्हणेल, "काऊन?" म्हणेल. जिथं ती "काऊन" म्हणते तिथं तुझं बोलणं अपुरं आहे, ते नीट कर. अशा तीन-चार वेळा झाल्या की गोष्ट तोंडात बसते, शब्द दर वेळी वेगळे आले तरी चालतात. शेवटच्या वेळी मोबाईलवर वेळ लाव. आठ मिनिटांत संपलं पाहिजे, कारण उभं राहिल्यावर एक तर लांबतं, नाहीतर आधीचा वक्ता तुझी दोन मिनिटं खातो.

प्रश्न कुठले येतील तेही आत्ताच लिहून काढ. मला तीन दिसतात. बँकवाला विचारेल, एकरी खर्च किती. सापळा, ल्यूर, काठी मिळून तुमचा खरा खर्च बिलांवरून काढून ठेव. साहेब विचारतील, २२ जणांसाठी पुढं काय. त्याचं उत्तर तुझ्या मागणीच्या स्लाईडवर असू दे: लांब काठी, आणि ल्यूर हंगामाआधी गावात पोहोचावेत. आणि एखादा कास्तकार हमखास विचारेल, "बीटी लावली तरी अयी काऊन येते?" हा अवघड आहे, तरी दोन मिनिटांत सांगता येतो. बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेली कपाशी, आपल्याकडं २००२ मध्ये आली, दोन जनुकांची २००६ मध्ये. गुलाबी अळी या दोन्हींना दाद देईनाशी झाली. ती मुख्यतः कपाशीवरच जगते. फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच पराटी उभी ठेवली, की तिला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं, आणि अळी बीटीला सरावू नये म्हणून बांधाकडेला नॉन-बीटीच्या ओळी लावायच्या होत्या त्या आपण लावल्या नाहीत. शेवटचं वाक्य ऐकून काही जण खाली पाहतील, पाहू दे. आणि जे येत नाही त्याला "माहीत नाही, विचारून फोन करते" म्हण, नंबर लिहून घे आणि खरंच फोन कर.

हात थरथरतील. सगळ्यांचे थरथरतात. सुटा कागद धरला की तो फडफडतो आणि थरथर शेवटच्या रांगेपर्यंत दिसते. घरात जुन्या लग्नपत्रिका असतील, त्यांचा जाड पुठ्ठा पोस्टकार्डाएवढा काप, मागच्या कोऱ्या बाजूला आकडे लिही, तो धर. माईक तोंडापासून चार बोटं. त्यात फुंकू नको, टकटक करू नको. उपाशी जाऊ नको, पोटभरही जेवू नको, आणि चहा बोलून झाल्यावर घे. पहिलीच गाडी पकड म्हणजे हॉल रिकामा असताना पोहोचशील. तिथं माईकवर एकदा स्वतःचा आवाज ऐकून घे. पहिल्यांदा तो आपल्याला परका वाटतो, हा धक्का माणसं यायच्या आधी बसलेला बरा.

किडक्या बोंडांच्या डब्याचं झाकण घट्ट लाव आणि एसटीत तो मांडीवरच ठेव. वरच्या रॅकवर ठेवलास आणि कुणाच्या तरी लाडवाच्या डब्यासोबत बदलला, तर साहेबांसमोर काय उघडशील?